आधी पित्ताला वाट, मग केमो

पित्ताशयाचा किंवा पित्तनलिकेचा कर्करोग शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेला आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, की घरातली माणसं एकच धोशा लावतात : केमो लवकर सुरू करा. घाई चुकीची नसते. पण या आजारात केमोच्या आधी काही कामं उरकावी लागतात. ती राहून गेली तर औषध उत्तम असूनही पदरात फारसं काही पडत नाही. पित्त तुंबलेलं असताना रेटलेली केमो किंवा ताप आल्यावर ‘सकाळी बघू’ म्हणून घालवलेली रात्र, या दोन गोष्टी रुग्णाच्या जिवावर बेतू शकतात. म्हणून कशानंतर काय करायचं, कोणी कशावर लक्ष ठेवायचं आणि कुठे थांबायचं, याचा क्रम इथे लावून दिला आहे. औषधं आणि मात्रा तुमचे डॉक्टर ठरवतील. घरच्यांच्या हातात असलेल्या गोष्टीही कमी नाहीत.

आधी अपेक्षा स्पष्ट असाव्यात. यकृतात, पोटाच्या पडद्यावर किंवा लांबच्या गाठींमध्ये पसरलेला हा आजार केमोने सहसा मुळासकट जात नाही. गाठ आटोक्यात ठेवणं, त्रास कमी करणं आणि आयुष्य वाढवणं यासाठी ती दिली जाते. पित्ताशयाचा कर्करोग उत्तर भारतात, गंगेच्या खोऱ्यात फार आढळतो आणि बायकांमध्ये जास्त. त्यामुळे केमोचा उपयोग होतो की नाही याचा एक महत्त्वाचा पुरावा दिल्लीच्या एम्समधूनच आला. शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या ८१ रुग्णांवरच्या त्या अभ्यासात (२०१०) नुसती आधार देणारी काळजी मिळालेल्यांचं मध्यक आयुष्य ४.५ महिने, तर जेमसायटाबिन आणि ऑक्सॅलिप्लॅटिन मिळालेल्यांचं ९.५ महिने भरलं. त्याच वर्षी ब्रिटनमधला ४१० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एकट्या जेमसायटाबिनने ८.१ महिने, तर जोडीला सिस्प्लॅटिन दिल्यावर ११.७ महिने मिळाले. मध्यक म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून कमी जगले आणि निम्मे त्याहून जास्त. हा आकडा कोणा एकाची मुदत सांगत नाही. घरातले निर्णय कोणत्या मापाने घ्यायचे एवढं सांगतो.

१. कागद आणि निदान पक्कं करा

सोनोग्राफी आणि सीटी स्कॅनवर गाठ दिसली म्हणजे निदान झालं असं नाही. केमोच्या आधी तुकडा किंवा सुईने काढलेल्या पेशी तपासून कर्करोग सिद्ध व्हायला हवा. पित्तनलिकेच्या अरुंद जागेतून पुरेशा पेशी मिळणं अवघड असतं, तेव्हा पहिला रिपोर्ट ‘निष्कर्ष नाही’ असा आला आणि डॉक्टरांनी पुन्हा तपासणी सांगितली तर तो वेळकाढूपणा समजू नका.

काहींचं पित्ताशय खड्यांसाठी आधीच दुर्बिणीतून काढलेलं असतं आणि कर्करोग त्या रिपोर्टमध्ये अचानक सापडतो. अशा वेळी जिथे ऑपरेशन झालं तिथून तीन गोष्टी मागून घ्या : ऑपरेशनची नोंद, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट, आणि मेणातला ब्लॉक व काचेच्या स्लाइड्स. मोठ्या रुग्णालयात त्या पुन्हा पाहिल्या जातात. ब्लॉक हाती नसला तर सगळंच अडून बसतं.

त्याच तुकड्यावर जनुकीय तपासण्या करायच्या का, हेही पहिल्याच भेटीत विचारा. हर-२, एमएसआय, आणि यकृताच्या आतल्या पित्तनलिकेचा कर्करोग असेल तर एफजीएफआर-२ आणि आयडीएच-१ या खुणा शोधल्या जातात. त्यातली एखादी सापडली तर पुढे नेमक्या त्या खुणेवर काम करणारं औषध उपयोगी पडू शकतं. तपासणीला काही आठवडे लागतात, म्हणून गरज पडेल तेव्हा बघू असं म्हणण्यापेक्षा ती आधी पाठवलेली बरी. मात्र ती महाग असते. म्हणून एक प्रश्न सरळ विचारा : ‘खूण सापडली तर ते औषध आम्हाला मिळण्यासारखं, परवडण्यासारखं आहे का?’ उत्तर नाही असेल, तर तो पैसा उपचारासाठी राखून ठेवणंही शहाणपणाचं.

२. पित्ताला वाट करून द्या

हे सगळ्यात महत्त्वाचं. गाठीने पित्तनलिका दाबली की पित्त रक्तात चढतं. डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढुरकं आणि रात्रभर खाज. आपल्याकडे कावीळ म्हटलं की पाय आधी दवाखान्याकडे वळत नाहीत. कुणी गळ्यात माळ घालतं, कुणी नाकात औषध सोडणाऱ्याकडे नेतं. घरात तेल, तूप, हळद बंद होते आणि उसाचा रस सुरू होतो. विषाणूमुळे झालेली कावीळ बहुधा आपोआप उतरते, त्याचं श्रेय माळेला मिळतं. नलिका दाबल्यामुळे झालेली कावीळ मात्र अशी उतरत नाही. त्यात गेलेले आठवडे केमोच्या खात्यातून वजा होतात.

वाट दोन प्रकारे करतात. तोंडातून दुर्बीण घालून नलिकेत नळी बसवणं म्हणजे ईआरसीपी करून स्टेंट टाकणं. ते जमण्यासारखं नसेल तर बरगड्यांजवळून त्वचेतून यकृतात नळी घालून पित्त बाहेरच्या पिशवीत काढतात, त्याला पीटीबीडी म्हणतात. प्लॅस्टिकचा स्टेंट स्वस्त, पण साधारण तीन महिन्यांत तुंबू लागतो आणि बदलावा लागतो. धातूचा महाग, पण जास्त टिकतो. कोणता टाकला आणि कोणत्या तारखेला, हे डिस्चार्ज कार्डावरून उतरवून ठेवा. प्लॅस्टिकचा असेल तर बदलायची तारीख त्याच दिवशी कॅलेंडरवर लिहा.

पिशवी लावलेली असेल तर रोज ठरलेल्या वेळी ती रिकामी करून किती पित्त आलं ते लिहायचं. पित्ताबरोबर पाणी आणि क्षारही जातात. रोज जवळपास लिटरभर किंवा त्याहून जास्त येऊ लागलं, चक्कर आली, लघवी कमी झाली तर डॉक्टरांना कळवा. उलट पिशवी अचानक कोरडी राहिली आणि थंडी वाजली, तर नळी तुंबली किंवा सरकली असं समजून निघायचं. नळी कुठे टाक्याने धरली आहे, पट्टी कशी बदलायची, सलाईनने नळी कशी धुवायची, हे घरी जाण्यापूर्वी नर्सकडून स्वतःच्या हाताने करून शिका. नुसतं बघून येत नाही.

काविळीचा आकडा, म्हणजे बिलीरुबिन, खाली यायला काही आठवडे लागू शकतात. ब्रिटनमधल्या ४१० रुग्णांच्या अभ्यासात ते नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या दीडपटीच्या आत आल्यावरच रुग्णांना केमो दिली होती. डॉक्टर रुग्ण पाहून थोडं इकडे-तिकडे करतात. पण ‘बिलीरुबिन १४ आहे तरी सुरू करा’ असा आग्रह घरच्यांनी धरू नये. आणखी एक गोष्ट : सीए १९-९ हा रक्तातला आकडा नुसत्या तुंबलेल्या पित्तानेही खूप वाढतो. कावीळ असताना तो पाहून घाबरू नका. कावीळ उतरल्यावर पुन्हा केलेला आकडा पुढच्या तुलनेसाठी धरा.

३. शरीर तयार आहे का, ते पाहा

केमो द्यायची की नाही हे वयापेक्षा रुग्णाच्या हालचालीवर जास्त ठरतं. स्वतःची आंघोळ, कपडे, घरातल्या घरात फिरणं जमतं का? दिवसाचा अर्ध्याहून जास्त वेळ अंथरुणात जातो का? याचं उत्तर डॉक्टरांना खरं द्या. ‘बाबा ठणठणीत आहेत’ असं सांगून मिळवलेली केमो बाबांनाच सोसावी लागते.

सुरू करण्यापूर्वी रक्ताच्या पेशी, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या होतात. हिपॅटायटिस बीची तपासणी झाली आहे ना, हे मात्र आवर्जून विचारा. शरीरात निपचित पडलेला हा विषाणू केमोत उसळी घेऊ शकतो आणि त्याला रोखायच्या गोळ्या आहेत. कमी ऐकू येणं, हातापायाला मुंग्या, मधुमेह, मूत्रपिंडाचा जुना त्रास हे सगळं सांगा, कारण सिस्प्लॅटिन कान, नसा आणि मूत्रपिंड यांना त्रास देतं.

चालू असलेली सगळी औषधं एका पिशवीत घालून न्या. चूर्ण, काढे आणि गावच्या मुळ्यासुद्धा. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती. केमोच्या काळात यकृताचा आकडा वाढला तर तो आजाराने, स्टेंटने, केमोने की काढ्याने, हे ओळखताच येत नाही आणि केमो पुढे ढकलली जाते. अंगदुखीच्या गोळ्याही दुकानातून परस्पर आणू नका. त्यातल्या बऱ्याच सिस्प्लॅटिनच्या जोडीने मूत्रपिंडावर ताण आणतात.

४. औषधांचे पर्याय समजून घ्या

पहिली फळी म्हणजे जेमसायटाबिन आणि सिस्प्लॅटिन. २१ दिवसांचं एक चक्र. त्यात पहिल्या आणि आठव्या दिवशी औषध, मग विश्रांती. अशी साधारण आठ चक्रं, म्हणजे सहा महिने. मूत्रपिंड किंवा कान साथ देत नसतील तर सिस्प्लॅटिनऐवजी ऑक्सॅलिप्लॅटिन देतात. प्रकृती फारच नाजूक असेल तर एकटं जेमसायटाबिन.

यात प्रतिकारशक्तीला जागं करणाऱ्या औषधाची जोड दिली जाते, ड्युर्व्हालुमॅब किंवा पेम्ब्रोलिझुमॅब. त्याबद्दल नीट समजून घ्या, कारण इथे घरं कर्जात बुडतात. ड्युर्व्हालुमॅबच्या ६८५ रुग्णांच्या अभ्यासात (२०२२) मध्यक आयुष्य ११.५ महिन्यांवरून १२.८ महिन्यांवर गेलं, म्हणजे सव्वा महिन्याचा फरक. पण दोन वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण १०.४ टक्क्यांवरून २४.९ टक्क्यांवर गेलं. म्हणजे बहुतेकांना थोडा फायदा आणि काही थोड्यांना पुष्कळ. ते थोडे कोण, हे आधी ओळखता येत नाही. विमा किंवा कंपनीच्या सवलत योजनेतून औषध मिळत असेल तर जरूर घ्यावं. जमीन विकून घ्यायचं का, हा प्रश्न डॉक्टरांपुढे उघडपणे मांडा आणि ‘तुमच्या घरचं माणूस असतं तर’ असं विचारायलाही लाजू नका. हे औषध न घेता दिलेली केमो ही दुय्यम केमो नव्हे. कित्येक वर्षं तीच सर्वमान्य होती.

हे औषध चालू असेल तर एक पथ्य : नवीन जुलाब, कोरडा खोकला, दम किंवा अतोनात थकवा आला तर स्वतः इलाज न करता कळवायचं. जागी झालेली प्रतिकारशक्ती कधीकधी आपल्याच आतड्यावर, फुप्फुसावर किंवा थायरॉइडवर उलटते.

५. रुग्णाला काय सांगायचं ते ठरवा

‘आईला काही सांगू नका’ असं दाराबाहेर डॉक्टरांना बजावणारी मुलं घरोघर असतात. पण केमोच्या डे-केअर विभागातल्या खुर्चीवर दहा माणसांबरोबर बसल्यावर आईला सगळं कळतं. फक्त मग ती तुमच्याशी बोलत नाही. संमतीपत्रावर सहीही तिचीच लागते. सगळं एका दमात सांगायचं नाही आणि खोटंही बोलायचं नाही. सुरुवात अशी करता येते : ‘आई, तुझ्या आजाराबद्दल तुला किती ऐकायचंय? डॉक्टरांशी तू बोलशील की मी बोलू?’ ती म्हणाली, ‘तूच बघ बाबा,’ तरी तो तिचा निर्णय झाला. विचारलं, तर सांगायचं : ‘गाठ पूर्ण जाईल असं डॉक्टर म्हणत नाहीत. पण औषधाने ती आवरते, त्रास कमी होतो. दर वेळी बघून पुढचं ठरवू.’

६. केमोचा दिवस

आदल्या दिवशी किंवा सकाळी रक्त तपासतात. पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, क्रिएटिनिन आणि बिलीरुबिन ठीक असतील तरच औषध तयार करायला सांगतात. आकडे कमी आले आणि ‘पुढच्या आठवड्यात या’ असं सांगितलं तर हिरमुसू नका. लांबच्या गावाहून येणाऱ्यांनी रक्ताची तपासणी आदल्या दिवशी गावातच करून तो रिपोर्ट फोनवर पाठवायची परवानगी मागावी. एक हेलपाटा वाचतो. वजन दर वेळी करतात, कारण मात्रा उंची आणि वजनावर ठरते.

घरून हलकं खाऊन निघा. उपाशीपोटी मळमळ वाढते. बरोबर पाण्याची बाटली, सैल बाह्यांचा सदरा किंवा ब्लाउज, पांघरूण, जुनी फाइल आणि एक वही.

बाटल्यांचा क्रम साधारण असा असतो. आधी उलटी थांबवणारी इंजेक्शनं. मग पोटॅशियम आणि मॅग्नेशियम घातलेल्या सलाईनबरोबर सिस्प्लॅटिन, सुमारे तासभर. त्यावर पुन्हा सलाईन, मूत्रपिंड धुऊन निघावं म्हणून. शेवटी जेमसायटाबिन, अर्ध्या तासात. हा शेवटचा अर्धा तास नीट पाळला जायला हवा. जेमसायटाबिन जाताना शीर जळजळते, तेव्हा शेजारी बसलेला मुलगा किंवा सून ‘जरा हळू सोडा’ म्हणते, कधी स्वतःच नळीवरचं चाक फिरवते. तसं करू नका. हे औषध तासाभराहून जास्त वेळ रेंगाळलं तर त्याचा दुष्परिणाम वाढतो. जळजळलं तर नर्सला सांगा; शेकाने किंवा शीर बदलून ते भागतं. कुठल्याही औषधाने सुईच्या जागी सूज किंवा आग झाली तर लगेच हाक मारा, लाजून गप्प बसू नका.

निघताना तीन गोष्टी विचारूनच निघा : उलटीच्या गोळ्या किती दिवस घ्यायच्या, पुढची तारीख कोणती, आणि रात्री-अपरात्री फोन कुठल्या नंबरवर करायचा. गोळ्यांत ओलॅन्झापिन असेल तर मोबाईलवर शोधून ‘हे तर मानसिक आजाराचं औषध’ म्हणून बंद करू नका. थोड्या मात्रेत ते केमोची मळमळ फार चांगली थांबवतं. झोप येते, म्हणून रात्री घ्यायचं.

७. घरातले एकवीस दिवस

पहिले दोन-तीन दिवस मळमळ, जिभेची चव जाणं, अंग मोडून येणं. उलटीच्या गोळ्या उलटी झाल्यावर नव्हे, ठरलेल्या वेळी घ्यायच्या. डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलं नसेल तर दिवसभरात दोन ते अडीच लिटर पाणी, ताक, सार, पेज असं पोटात जाऊ द्या. उलटीच्या औषधाने शौचाला घट्ट होतं. तीन दिवस थांबू नका, सौम्य रेचक मागून घ्या. पहिले ४८ तास रुग्णाची उलटी किंवा लघवी आवरताना हातमोजे घाला, संडासात दोनदा पाणी सोडा, आणि घरातल्या गरोदर बाईला हे काम देऊ नका.

पुढचे दिवस वरवर बरे जातात, पण आतून पांढऱ्या पेशी खाली आलेल्या असतात. साधारणपणे दुसऱ्या मात्रेनंतरचा आठवडा सांभाळायचा. इथे घरातल्या एकाच माणसाकडे एकच काम द्या : थर्मामीटर. सगळ्यांचं काम ते कोणाचंच नसतं.

ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला, अथवा थंडी वाजून अंग थरथरलं, तर पॅरासिटामॉल देऊन वाट बघायची नाही. फोन करायचा आणि निघायचं. या आजारात तापाची दोन मोठी कारणं असतात : पांढऱ्या पेशी कमी असताना झालेला संसर्ग, किंवा स्टेंट तुंबून पित्तात झालेला संसर्ग. दोन्हीत वेळेवर शिरेतून अँटिबायोटिक मिळालं तर माणूस सावरतो. काही तासांचा उशीर महागात पडतो. जेमसायटाबिन घेतल्या रात्री नुसता फ्लूसारखा ताप येतो हे खरं, पण कोणता ताप कशाचा हे घरी कळत नाही. ते ठरवणं डॉक्टरांवर सोडा. गावातून निघायला गाडी कोण देणार, जवळचं चोवीस तास उघडं रुग्णालय कोणतं, हे पहिल्या केमोच्या आधीच ठरवून ठेवा. तिथे पोचल्यावर पहिलं वाक्य हे असावं : ‘केमो चालू आहे, इतक्या तारखेला झाली, पित्तनलिकेत स्टेंट आहे.’

याशिवाय लगेच कळवायच्या गोष्टी :

• डोळे पुन्हा पिवळे होणं, लघवी पुन्हा गडद होणं
• हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, अंगावर लाल ठिपके, काळं शौच
• एका पायाला सूज व दुखणं, किंवा अचानक दम लागणं
• दिवसभर काहीच पोटात न राहणं. खाल्लेलं काही तासांनंतर जसंच्या तसं उलटून पडणं
• पोट फुगत जाणं
• कानात घुं-घुं, हाताला बधिरपणा, सदऱ्याची बटणं लावता न येणं

शेवटचा मुद्दा तातडीचा नाही, पण पुढच्या भेटीत नक्की सांगायचा. सिस्प्लॅटिन वेळीच कमी केलं तर त्रास फार वाढणं टाळता येऊ शकतं. ऑक्सॅलिप्लॅटिन असेल तर काही दिवस थंड पाणी, बर्फ, फ्रिजमधल्या वस्तू यांना हात नको; बोटांना आणि घशाला झिणझिण्या येतात. केसांची भीती अनेकींना असते. या जोडीने केस विरळ होतात, सहसा पूर्ण जात नाहीत.

जेवणाचं साधं सूत्र : ताजं, शिजवलेलं, थोडं थोडं आणि प्रथिनं असलेलं. पित्ताला वाट मिळाल्यावर तेल-तूप पूर्ण बंद ठेवायची गरज नसते. त्याने वजन आणखी उतरतं. मऊ भात आणि घट्ट वरण, उकडलेलं अंडं, घरी लावलेलं दही, नाचणीची पेज दुधात, मऊ शिजवलेले मासे, मूगडाळीचं धिरडं. दिवसातून सहा वेळा वाटीभर, तीन वेळा ताटभर नव्हे. रस्त्यावरचा उसाचा रस आणि त्यातला बर्फ, कच्ची मोड आलेली कडधान्यं, चिरून ठेवलेली फळं या दिवसांत नकोत. शौच तेलकट, पांढरट आणि तरंगणारं होत असेल तर सांगा. चरबी पचायला मदत करणाऱ्या कॅप्सूल मिळतात. भेटायला येणाऱ्यांना सर्दी-खोकला असेल तर फोनवरच विचारपूस करायला सांगा. वाईटपणा येतो, येऊ द्या.

८. दोन-तीन महिन्यांनी हिशेब मांडा

तीन-चार चक्रांनंतर सीटी स्कॅन होतो. त्या भेटीला घरातला निर्णय घेणारा माणूस हजर हवा. तीन शक्यता असतात. गाठ लहान झाली : पुढे चालू. गाठ तेवढीच राहिली : या आजारात हेही यश आहे, पुढे चालू. गाठ वाढली : हे औषध थांबवायचं. काही थोड्यांमध्ये, विशेषतः आजार जागच्या जागी पसरलेला असून लांब गेलेला नसेल तर, गाठ लहान झाल्यावर शस्त्रक्रियेचा विचार पुन्हा होऊ शकतो. म्हणून हा स्कॅन सर्जननेही पाहिला आहे का, हे विचारा.

पहिलं औषध चालेनासं झाल्यावर दुसऱ्या फळीत फॉलफॉक्स नावाची जोडणी देतात. त्यातलं एक औषध जवळपास दोन दिवस सतत सोडावं लागतं, त्यासाठी छातीत पोर्ट बसवतात. तिचा फायदा मर्यादित आहे : ब्रिटनमधल्या १६२ रुग्णांच्या अभ्यासात (२०२१) वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण ११.४ वरून २५.९ टक्के झालं, मध्यक आयुष्य मात्र ५.३ महिन्यांवरून ६.२ महिने एवढंच सरकलं. जनुकीय खूण सापडली असेल तर तिचं औषध याच टप्प्यावर विचारात येतं.

९. पैसा आणि प्रवास

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो. रेशन कार्ड आणि आधार घेऊन केमो सुरू होण्यापूर्वी त्याला भेटा, कारण मंजुरी आधी लागते. भरलेलं बिल मागाहून परत मिळेल या भरवशावर राहू नका. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. तिथल्या समाजसेवा अधीक्षकांकडे उत्पन्नाचा दाखला घेऊन जा. रेल्वेत कर्करुग्णाला उपचारासाठी स्लीपर आणि थ्री टियर एसीत तिकीट माफ असतं, सोबत्यालाही मोठी सवलत मिळते. रुग्णालयाकडून ठरलेल्या नमुन्यात दाखला घ्या.

परळच्या टाटा रुग्णालयात नाव घातलं म्हणजे प्रत्येक केमो तिथेच घ्यायला हवी असं नाही. योजना तिथे ठरवून घेऊन केमो नाशिक, कोल्हापूर, नागपूर किंवा आपल्या जिल्ह्याजवळ घेता येते का, हे विचारा. जिल्हा रुग्णालयांत डे-केअर केंद्रं सुरू करण्याची घोषणा २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली आहे. तुमच्या जिल्ह्यात ते सुरू झालंय का, चौकशी करा. ताप आला की दोन तासांत पोचता येणारं ठिकाण हे नावाजलेल्या, पण रात्रभराच्या प्रवासावरच्या ठिकाणापेक्षा कित्येकदा सुरक्षित. मुंबईत राहायची वेळ आलीच तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन इथे रुग्णालयाच्या चिठ्ठीवर सोय होऊ शकते.

१०. दुखणं पहिल्या दिवसापासून, थांबणं वेळेवर

वेदनाशमन विभाग, म्हणजे पॅलिएटिव्ह केअर, हा शेवटचा दरवाजा नव्हे. पहिल्या केमोच्या आठवड्यातच तिथे नाव घाला. पोटात पाठीपर्यंत जाणारी कळ, खाज, झोप, भूक यांवर तिथे नेटाने इलाज होतो. मॉर्फिनच्या गोळ्यांना घाबरू नका. डॉक्टरांच्या देखरेखीत दुखण्यासाठी घेतलेल्या मॉर्फिनने व्यसन लागण्याची भीती फार कमी असते आणि मरणही लवकर येत नाही. बद्धकोष्ठ मात्र होतो, त्याचं औषध सोबतच सुरू करायचं. गोळी ठरलेल्या वेळी घ्यायची, कळ असह्य होईपर्यंत थांबायचं नाही.

केमो कधी थांबवायची, याचे निकष ती सुरू करतानाच ठरवून घ्या. स्कॅनवर आजार वाढला; किंवा माणूस दिवसाचा बहुतेक वेळ अंथरुणात घालवू लागला; किंवा स्टेंट बदलूनही कावीळ उतरेना; किंवा रुग्ण स्वतःच ‘आता पुरे’ म्हणाला. यातलं काही झालं, की पुढची मात्रा आपोआप न देता बसून बोलायचं, हे डॉक्टरांशी आणि रुग्णाशी आधी बोलून वहीत लिहून ठेवा. ऐन वेळी, थकलेल्या डोक्याने आणि नातेवाइकांच्या गर्दीत हे ठरवणं जमत नाही. आधी लिहिलेलं असलं, की थांबणं म्हणजे हार मानणं असं घरात कुणाला वाटत नाही, आणि पुढच्या दिवसांची काळजी, म्हणजे दुखणं आवरणं, पित्ताची नळी सांभाळणं, माणसाला घरी ठेवणं, तिकडे सगळ्यांचं लक्ष वळवता येतं.